पडत्या काळातला कप्तान



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणे, हुमणी, खोडवा असलेच विषय मांडत असतो. या खेपेस विषय फुटबॉलचा आहे. ऊस विकास खात्याला हे काय सुचलं, असं काहींना वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

गेल्या वेळच्या ऊस नोंदीच्या दिवसांत आम्ही गट कार्यालयात बसलो होतो. बाहेर पारावर चार-पाच पोरं फुटबॉलवरून हमरीतुमरीवर आली होती. हा गोल मोठा की तो, हा खेळाडू थोर की तो. कोल्हापूरकडे विश्वचषक आला की गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, हे आपल्याला माहीतच आहे. नोंद करायला आलेले एक जुने सभासद बराच वेळ ऐकत बसले होते. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. तरुणपणी ते तालमीच्या संघातून बॅकला खेळलेले. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. म्हणाले, "साहेब, ह्या पोरांच्या तोंडात सगळी गोल मारणाऱ्यांचीच नावं. अडवणाऱ्याचं नाव एकाला तरी सांगता येतंय का बघा." पोरं जरा गप्प झाली. तात्या आमच्याकडे वळले, "तुमच्या त्या पानात लिवा की एकदा एखाद्या बॅकवर."

आम्ही शब्द दिला, तो पाळतो आहोत. आणि लिहायला बसल्यावर ध्यानात आलं, की हा विषय आपल्या कारखान्याच्या विषयापासून फार लांबचा नाही.

पेनल्टी चुकलेला माणूस

१९९४ साली विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत पासाडेना येथे झाला. इटली आणि ब्राझील. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, गल्लीत ज्यांच्याकडे टी.व्ही. होता त्यांच्या सोप्यात दाटीवाटीनं बसून आम्ही तो सामना पाहिला. १२० मिनिटं झाली तरी गोल नाही. मग पेनल्टी. इटलीतर्फे पहिला फटका मारायला त्यांचा कप्तान आला, मध्यम बांध्याचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला, ३४ वर्षांचा गडी. त्यानं चेंडू आडव्या खांबावरून बाहेर घालवला. इटली हरली, आणि तो मैदानावरच रडला. सोप्यातली माणसं म्हणाली, "ह्यानं घालवली मॅच."

त्याचं नाव फ्रांको बारेसी. पुष्कळांच्या लक्षात तो एवढ्यावरच राहिला. पण त्याच गड्याच्या गुडघ्याला त्याच स्पर्धेत २३ जूनला नॉर्वेविरुद्ध दुखापत झाली होती, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि चार आठवडेही पुरे व्हायच्या आत १७ जुलैला तो अंतिम सामन्यात उभा राहिला. १२० मिनिटं ब्राझीलच्या रोमारिओ-बेबेतो जोडीला त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी एकही गोल करू दिला नाही. हे त्या रात्री कोणी बोललं नाही. बॅकचं नशीब असंच असतं. ९९ वेळा अडवलं ते कोणाच्या खाती लागत नाही, १ सुटलं की नावावर चढतं.

पण आम्हाला सांगायची आहे ती या विश्वचषकाची गोष्ट नाही. या माणसानं आपलं सगळं खेळाडूपण एकाच क्लबात काढलं, त्याची आहे.

शेतावरचं पोर

बारेसीचा जन्म ८ मे १९६० चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराजवळच्या त्रावाल्यातो या गावचा. हा भाग पो नदीच्या खोऱ्यातला, काळ्या मातीचा नसला तरी पाण्याचा आणि पिकाचा. घर शेतीतलं. आई-बाप दोघंही तो मिसरूड फुटण्याच्या वयातच गेले. थोरला भाऊ ज्युसेप्पे. दोघंही भाऊ गावच्या मैदानात तयार झालेले.

जवळचं मोठं शहर मिलान. तिथं दोन बलाढ्य क्लब आहेत, इंटर आणि मिलान, आणि दोघांचं घरचं मैदान एकच, सान सिरो. इंटरनं थोरल्याला घेतलं. धाकटा चाचणीला गेला तर अंगानं बारीक, उंचीला कमी म्हणून नाकारला. मग तो दुसऱ्या दारात गेला. मिलाननं १९७४ साली, वयाच्या १४ व्या वर्षी त्याला ठेवून घेतलं. तिथं त्याला नाव पडलं 'पिशिनीन'. मिलानच्या बोलीत त्याचा अर्थ छोटू.

आपण बेणे मळ्यात रोप निवडतो तेव्हा जाडी बघतो, उंची बघतो, डोळा बघतो. पण कधी कधी बाजूला काढलेल्या टिपरीचं बेटच सर्वांत जोमदार फुटतं. इंटरवाल्यांना पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट सलली असणार. एकाच शहराच्या दोन क्लबांत दोन सख्खे भाऊ, पुढं दोघंही आपापल्या संघाचे कप्तान झाले.

२३ एप्रिल १९७८ रोजी व्हेरोनाविरुद्ध फ्रांको पहिल्या श्रेणीतला पहिला सामना खेळला. वय १७. प्रशिक्षक होते स्वीडनचे नील्स लीडहोल्म. पुढच्याच हंगामात, १९७८-७९ ला, मिलाननं इटलीचं अजिंक्यपद मिळवलं, क्लबचं १० वं. जानी रिवेरासारख्या नावाजलेल्या खेळाडूचा तो शेवटचा हंगाम, आणि या पोराचा पहिला पूर्ण हंगाम.

पोराच्या मागे दैव उभं आहे असं वाटावं, असा हा काळ. पण पुढची ८ वर्षं वेगळीच होती.

दोनदा खाली

२३ मार्च १९८० या दिवशी इटलीत अनेक मैदानांवर सामने संपताच पोलिसांनी खेळाडूंना ताब्यात घेतलं. जुगारासाठी सामन्यांचे निकाल आधी ठरवले जात होते, हे प्रकरण बाहेर आलं. मिलान क्लब त्यात सापडला. क्लबचे अध्यक्ष आणि संघाचा गोलरक्षक यांच्यावर बंदी आली. त्या हंगामात संघ गुणतक्त्यात ३ रा होता, तरी शिक्षा म्हणून त्याला सरळ दुसऱ्या श्रेणीत उतरवलं.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगावी लागते. इटलीत पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत मोठं अंतर असतं. खाली गेलेल्या क्लबचं उत्पन्न घटतं, मैदानावरची गर्दी ओसरते, चांगले खेळाडू सुटून जातात. देशाचं अजिंक्यपद मिळवून एकच वर्ष झालेलं, आणि वरच्यांच्या पापाची फळं खालच्यांनी भोगायची. बारेसी तेव्हा २० वर्षांचा होता. त्याच्यावर कसला आरोप नव्हता. तो तिथंच राहिला, दुसऱ्या श्रेणीत खेळला, आणि १९८१ ला संघ पहिला येऊन परत वर चढला.

वर चढला, पण पाय टिकला नाही. १९८१-८२ च्या हंगामात बारेसी रक्ताच्या आजारानं काही महिने अंथरुणाला खिळला. संघ घसरत गेला. शेवटच्या दिवशी मिलान चेझेना इथं खेळत होता. २ गोलनी मागं पडून त्यांनी ३-२ असा सामना फिरवला. पण त्याच वेळी तिकडं नेपल्सला जेनोआ संघानं सामना संपत आला असताना बरोबरीचा गोल केला. जेनोआ वाचला, मिलान पुन्हा खाली. या वेळी शिक्षा म्हणून नव्हे, खेळातच कमी पडून.

त्याच उन्हाळ्यात इटलीनं स्पेनमध्ये विश्वचषक जिंकला. बारेसी त्या संघात होता, खेळायला मिळालं नाही एवढंच. बचावात त्याच्या जोडीला खेळणारा फुल्व्हिओ कोलोव्हाती हाही विश्वविजेता. कोलोव्हाती मिलान सोडून इंटरकडे गेला. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं १०-१२ असतात, त्यांत दुसऱ्या श्रेणीत कोण घालवणार? बारेसी मात्र राहिला. २२ व्या वर्षी त्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी आली. विश्वविजेत्या संघातला खेळाडू पुढच्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीची मैदानं तुडवत होता. १९८३ ला मिलान पुन्हा वर आला, तो त्याच्या कप्तानीखाली.

तरीही सुगी आली नाही. क्लब कर्जात रुतला, १९८६ च्या सुरुवातीला विकला गेला. म्हणजे १९७९ नंतर जवळजवळ ९ वर्षं या माणसाला इटलीचं अजिंक्यपद पाहायला मिळालं नाही. ९ वर्षं, सभासदहो. आपल्याकडे दोन हंगाम ओढाताणीचे गेले की आपण कुंपणापलीकडे बघू लागतो.

हे लिहिताना आमचंही सांगून टाकतो, नाहीतर उपदेश केल्यासारखं होईल. काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळी हंगामात आपल्याकडे बिलं थकली होती, नोकरवर्गाचे पगारही लांबले होते. तेव्हा आम्ही दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. १५ दिवस तो खिशात होता. त्या वर्षी नोंद आपल्याकडे आणि ऊस दुसरीकडे, असे प्रकारही झाले. रातोरात ट्रॉल्या गेल्या. कोण, कुठले, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यांनाही. आम्ही त्यांच्या दारात जाऊन बोललो नाही, कारण खिशात तो अर्ज होता.

भर लावणारा

१९८७ साली मिलाननं आरीगो साकी नावाचा प्रशिक्षक आणला. हा स्वतः मोठा खेळाडू कधीच नव्हता, बापाच्या बुटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. त्यानं बचावाची जुनी रीत मोडली. तोवर इटलीत एकेका बॅकला एकेक आघाडीवाला नेमून दिलेला असे, आणि सगळ्यांच्या मागं एक स्वीपर, सुटलेलं गोळा करायला. बारेसी हाच स्वीपर. साकी म्हणाला, माणूस धरायचा नाही, जागा धरायची. चौघा बॅकांनी एका रेषेत राहायचं, एकदम पुढं सरायचं, एकदम मागं यायचं. तासोत्ती, कोस्ताकुर्ता किंवा फिलिप्पो गाल्ली, बारेसी आणि कोवळा पाओलो माल्दिनी अशी ही रांग.

फुटबॉलचा एक नियम आहे. चेंडू पुढं टाकला जातो त्या क्षणी आघाडीवाला समोरच्या संघाच्या शेवटच्या बॅकच्या पलीकडे, एकट्या गोलरक्षकासमोर उभा असेल, तर तो ऑफसाइड धरला जातो. चौघं बॅक नेमक्या क्षणी एक पाऊल पुढं आले की समोरचा आपोआप सापडतो. पण चौघांतला एक जरी अर्धं पाऊल चुकला की गोल झालाच म्हणून समजा. तो क्षण ओळखायचं काम बारेसीचं. तो हात वर करी आणि रांग सरके. वेगानं तो फार मोठा नव्हता, उंचीनं ५ फूट ९ इंचांचा. पण चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळे, म्हणून त्याला पळावं कमी लागे.

साकी सरावाची एक गोष्ट सांगत असे. गोलरक्षक आणि चार बॅक असे ५ जण एका बाजूला, आणि गुलिट, व्हॅन बास्तेन यांच्यासह १० जण दुसऱ्या बाजूला. १० जणांनी ठराविक मिनिटांत गोल करून दाखवायचा. तो होत नसे. शिस्तीतले ५ जण बेशिस्त १० जणांना पुरून उरतात, हे त्याला पटवायचं होतं.

ऊस उत्पादकाला हे समजायला अवघड नाही. मोठी बांधणी वेळेवर झाली, बुडाला मातीची भर नीट लागली, तर वादळवाऱ्यात ऊस उभा राहतो. नाहीतर भरल्या वजनाचा ऊस लोळतो, उंदीर लागतो, उतारा जातो. पण वजनकाट्यावर टनेज दिसतं, बांधणी दिसत नाही. बक्षीस समारंभात एकरी इतके टन म्हणून टाळ्या पडतात. भर लावणाऱ्याला हार घातलेला आम्ही अजून पाहिला नाही.

फळ लगेच दिसलं. १९८७-८८ च्या हंगामात ३० सामन्यांत मिलानवर फक्त १४ गोल झाले आणि अजिंक्यपद परत आलं. २४ मे १९८९ ला बार्सिलोनात स्तेआवा बुखारेस्टला ४-० हरवून युरोपचा चषक, १९९० ला व्हिएन्नात बेन्फिकाला १-० हरवून तोच चषक पुन्हा. १९८९ च्या युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानात व्हॅन बास्तेन १ ला आणि बारेसी २ रा आला. बॅकला इतका वरचा मान क्वचितच मिळतो.

पुढं फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक झाला. १९९१-९२ चा पहिल्या श्रेणीचा हंगाम मिलाननं एकही सामना न हरता संपवला. त्या श्रेणीत १९९१ ते १९९३ सलग ५८ सामने त्यांना कोणी हरवलं नाही. आणि १९९३-९४ चा आकडा तर प्रत्येक बॅकनं घरी लिहून ठेवावा असा. ३४ सामन्यांत मिलाननं गोल केले अवघे ३६, म्हणजे सामन्याला जेमतेम एक. तरी अजिंक्यपद त्यांचंच, कारण त्यांच्यावर झाले १५.

कप्तानाविना अथेन्स

त्याच वर्षी, १८ मे १९९४ ला, अथेन्समध्ये युरोपच्या चषकाचा अंतिम सामना होता. समोर बार्सिलोना, सगळीकडे त्यांचाच बोलबाला. आणि बारेसीला बंदी. उपांत्य सामन्यातल्या कार्डामुळे तो आणि कोस्ताकुर्ता दोघंही बाहेर. बचावाची मधली जोडीच नाही. मिलान बुडणार असंच सगळे धरून चालले होते.

मिलान ४-० जिंकला. मधल्या जागेवर माल्दिनी आणि फिलिप्पो गाल्ली उभे राहिले. त्याच रांगेत इतकी वर्षं सराव केलेले, हात वर झाला की सरकायला शिकलेले. आमच्या मते बारेसीच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा विजय, आणि त्यात तो खेळलाच नाही. माणूस नसताना त्यानं लावलेली शिस्त उभी राहते, तेव्हाच ती संस्थेची झाली म्हणायची.

यानंतर दोन महिन्यांनी पासाडेनाची ती पेनल्टी. सुरुवातीला सांगितली तीच. परत येऊन तो मिलानसाठी आणखी ३ हंगाम खेळला. १९९६ ला आणखी एक अजिंक्यपद, एकूण ६. १९९७ ला थांबला तेव्हा संघ ११ वा होता. पडत्या काळात सुरू झालेली कप्तानी पडत्या काळातच संपली.

हिशेब असा: २० हंगाम, त्यांतली १५ वर्षं कप्तान, एकूण ७१९ सामने, गोल ३३. आणि खर्चाच्या बाजूलाही एक नोंद आहे, ती लपवू नये. पहिल्या श्रेणीत चुकून आपल्याच जाळ्यात ८ वेळा चेंडू घातल्याचा विक्रमही त्याच्या नावावर आहे, इंटरच्या रिकार्दो फेर्रीच्या बरोबरीनं. जो नेहमी गोलच्या तोंडाशी उभा असतो, त्याच्याच पायाला लागून चेंडू आत जाणार. घरी बसलेल्याच्या नावावर असा डाग लागत नाही.

तात्यांची दुरुस्ती

मिलान हा सहकारी क्लब नव्हे. त्याला मालक होते, पैसेवाले होते, आणि बारेसी पगार घेऊन खेळणारा व्यावसायिक होता. आपला कारखाना सभासदांचा आहे, आणि सभासदाच्या मागे सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, पोराची फी आहे. तेव्हा दोन्ही गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत, हे आम्हाला कळतं. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. बारेसी १९८० ला राहिला तो बदनाम झालेल्या अध्यक्षासाठी नव्हे. ज्या दारानं बारीक पोराला आत घेतलं, त्या दारासाठी राहिला असं आम्ही समजतो. अध्यक्ष येतात, जातात. अधिकारीही येतात, जातात. दार राहतं.

तो अर्ज आम्ही पुढं फाडला. तात्यांनी त्या वर्षी आपला सगळा ऊस इथंच घातला होता, आणि बिलासाठी सर्वांसारखीच वाट पाहिली होती. त्यांच्या फडात तोडीच्या दिवशी उभं असताना खिशातला कागद जड वाटला, एवढंच कारण.

छापायला देण्यापूर्वी हा लेख आम्ही तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग विचारलं, "गडी राहिला खरा. पण क्लबनं त्याचं काय केलं?"

आम्ही सांगितलं, त्याचा ६ नंबरचा सदरा क्लबनं कायमचा बाजूला ठेवला. त्याच्यानंतर मिलानमध्ये तो नंबर कोणाला दिला नाही.

तात्या जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मग हे पण छापा साहेब. राहणाऱ्यानं राहावं, आणि ठेवणाऱ्यानं पण ठेवून घ्यावं. आमाला काय नंबर नको. बिल तारखेला आलं म्हंजे झालं."

छापलं आहे.

— ऊस विकास अधिकारी